खारबंदिस्तीचा उंचीचा नकाशा: ड्रोनचे फोटो पुरतात की लायडारच लागतो?

खारपट्टीकर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण गावकीचे पैसे अडकलेत म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतर खाडीच्या काठावर. सगळी खारजमीन. बाहेर खाडी, मग तिवरांचा पट्टा, मग बांध आणि बांधाच्या आत भातशेती. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड गेली. पहिल्या दिवशी दोन पावलांत ओलांडता येत होती, महिनाभरात बैलगाडी जाईल एवढी झाली. आत खारं पाणी शिरलं ते शिरलंच. ज्या शेतात आम्ही पनवेल-३ लावत होतो तिथं आता तिवराची रोपं डोकं वर काढतायत, आणि तिवर एकदा वाढला की कायद्याने त्याला हात लावायची सोय नाही, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

बांधाच्या कामासाठी अर्ज करायचा तर पाणी कुठून शिरतं, कुठं साचतं, कुठल्या शेताची पातळी काय, हे दाखवायला हवं. टोपोशीट काढून बघितली. तिच्यावर समोच्च रेषा वीस-वीस मीटरला, आणि आमचं अख्खं गाव पहिल्या रेषेच्या खाली. म्हणजे नकाशावर आम्ही कोरा कागद. मग अमेरिकेच्या अवकाश शटलवरून २००० साली रडारने मोजलेला तो फुकटचा तीस मीटरचा डेटा उतरवला. त्यात तिवरांचा पट्टा टेकडीसारखा उभा आणि बांध गायब.

शेवटी वर्गणी काढून एका ड्रोनवाल्याला बोलावलं. नाव लिहीत नाही, पोरगा मेहनती होता. फेब्रुवारीत दोन दिवस उडवून १२० हेक्टरचे एकवीसशे फोटो काढले. फोटोंचा जोडनकाशा तर असा झालाय की आमच्या अंगणात वाळत घातलेले बोंबील मोजून घ्यावेत. पण उंचीच्या फाइलमध्ये तीन भानगडी आहेत.

एक म्हणजे तिवरांचा पट्टा सलग चार मीटर उंचीचं पठार म्हणून आलाय, खालचा चिखल कुठेच नाही. दुसरं, खाडीच्या पाण्यावर खड्डे आणि सुळके. एके ठिकाणी पाणी बांधापेक्षा उंच. तिसरं सगळ्यात त्रासदायक. पूर्वेकडची शेतं पश्चिमेकडच्या शेतांपेक्षा अर्धा मीटर खाली दाखवतायत. प्रत्यक्षात पावसाळ्यात पाणी बरोबर उलट, पश्चिमेला उघाडीकडे (बांधातलं पाणी सोडायचं झडपेचं दार) पळतं. आबांना लॅपटॉपवर दाखवलं तर म्हणाले, "या नकाशासारखं पाणी वाहत असतं तर आपलं घर कधीच खाडीत गेलं असतं."

जमिनीवर सात खुणा केल्या होत्या, चुन्याच्या फुल्या. सातही बांधावर, कारण चालायला कोरडी जागा तेवढीच. रोव्हरने (उपग्रहावरून जागा आणि उंची मोजणारं यंत्र) त्यांच्या उंच्या घेतल्या त्या उणे साठ-बासष्ट मीटर अशा आल्या. ड्रोनवाला म्हणाला, असंच असतं, नंतर बसवतो.

आता दुसरे एक जण लायडार, म्हणजे ड्रोनवरून लेझर मारून उंचीची मोजणी, करतो म्हणतात, पण भाव तिप्पट. गावकीत आधीच कुरबुर चालू आहे. तर विचारायचंय: लायडारने तिवरांच्या खालची जमीन खरंच दिसते का? लेझर पाण्यात शिरतो का? आणि आधीच्या फोटोंचं काही वाचवता येईल का, की ते पैसे गेले असं समजायचं?

ओळंबा

चाळीस वर्षं लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) आणि स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) घेऊन चिखल तुडवला, त्यातून सांगतो. फोटो टाकून देऊ नका.

तुमचा नकाशा कललाय, त्याचं कारण तुम्हीच लिहिलंत. सातही खुणा एका ओळीत. दोरीवर चादर टाकली की दोरीपाशी ती जागच्या जागी राहते, दोन्ही पदर वाऱ्यावर. बांध ही तुमची दोरी. बांधावर उंची बरोबर येणार आणि बांधापासून जेवढं लांब जाल तेवढी चूक वाढणार. शिवाय सगळे फोटो सरळ खाली बघून काढले असतील तर मधला भाग घुमटासारखा फुगतो किंवा परातीसारखा दबतो. त्यासाठी थोडे फोटो तिरपे घ्यावे लागतात. ते तुमच्याकडे नसणार.

उपाय स्वस्त आहे. फेब्रुवारीच्या फोटोंत ठळक दिसतात आणि आजही हललेल्या नाहीत अशा जागा शोधा. उघाडीचा कठडा, देवळाचा ओटा, जिताड्याच्या तलावाची पायरी, पंपघराच्या जोत्याचा कोपरा. अशा पंधरा-वीस जागा, चारही टोकांना आणि मध्येही. रोव्हरने मोजा आणि ड्रोनवाल्याला सगळं नव्याने चालवायला सांगा. त्यातल्या एक तृतीयांश जागा त्याला देऊ नका. तो नकाशा देईल तेव्हा त्या जागांवर ताडून बघा. जो सर्व्हेअर सगळ्याच खुणा वापरतो आणि मग "चूक दोन सेंटिमीटर" म्हणतो, तो स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासतो.

उणे बासष्टला घाबरू नका. उपग्रहाचं यंत्र पृथ्वीच्या गणिती गोळ्यापासून उंची मोजतं आणि आपल्या किनाऱ्यावर समुद्राची सरासरी पातळी त्या गोळ्याच्या साठ मीटरहून खाली आहे. जिऑइडचं, म्हणजे समुद्राच्या सरासरी पातळीचं, मॉडेल लावलं की उंची नेहमीच्या आकड्यांत येते. पण मॉडेलवर विसंबू नका. तुमचा सगळा खेळ वीत-दीड वितीचा आहे. जवळचा सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क (उंची पक्की ठरलेली खूण) शोधून तिथून एकदा लेव्हल आणाच.

आणखी एक खड्डा आहे, त्यात शहाणेही पडतात. भरतीच्या तक्त्यातली उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती चार्ट डेटमपासूनची, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्यापासूनची असते. मुंबईला अपोलो बंदरावर सरासरी समुद्रपातळी त्या शून्याच्या २.५१ मीटर वर आहे. पेपरात "आज ४.४ मीटरची भरती" छापून आली म्हणजे तुमच्या नकाशावर १.९. लोक ४.४ चीच रेषा काढतात आणि अर्धा तालुका बुडवतात.

आणि अपोलो बंदर म्हणजे तुमची खाडी नव्हे. आत चिंचोळी होत जाताना भरतीची उंची बदलते. म्हणून वजाबाकीवर थांबू नका. उधाणाच्या दिवशी उघाडीच्या भिंतीवर पाणी जिथं टेकलं तिथं रंगाची रेघ मारा आणि ती रेघ मोजा.

पॉइंटक्लाउडवाला

मी पुण्यात लायडारचा डेटा साफ करायचं काम करतो. काकांनी फोटोंचं सांगितलं, मी लेझरचं सांगतो.

पाण्यात शिरतो का? नाही. ड्रोनवरचे लेझर साधारण ९०५ किंवा १५५० नॅनोमीटरचे, इन्फ्रारेड. पाणी ते पिऊन टाकतं. पाण्यात उतरणारा लेझर हिरवा असतो, ५३२ चा, पण त्याला नितळ पाणी लागतं. धरमतरच्या चहासारख्या पाण्यात तो वीतभरही जाणार नाही. कोणी "खाडीचा तळही देतो" म्हणालं तर चहा पाजून परत पाठवा. तळ हवाच असेल तर होडीतून खुणांचा बांबू टाकत जा.

तिवरांखालची जमीन दिसते का? दिसते, पण मेहनतीने. फोटोतून उंची काढायची तर जमिनीचा एकच ठिपका दोन-चार फोटोंत वेगवेगळ्या कोनांतून दिसावा लागतो. दाट पानांत तसं होत नाही, म्हणून तुम्हाला शेंड्यांचं पठार मिळालं. लेझरला एकच फट पुरते. एक किरण पानावर आपटतो, त्याचाच उरलेला भाग फांदीवर आणि नशीब असलं तर शेवटचा तुकडा चिखलावर. प्रत्येक आपटण्याची वेगळी नोंद होते. हॉलंडमध्ये देशभरचं असं मोजमाप पानगळीत करतात. आपला तिवर बाराही महिने हिरवा, त्यामुळे ती सवलत नाही. ड्रोन खाली आणि हळू उडवायचा, पट्टे आडवे-उभे दोन्ही घ्यायचे, म्हणजे फटी वेगवेगळ्या कोनांतून सापडतात.

आता खरी अडचण. तिवराच्या बुंध्याभोवती श्वसनमुळं असतात ना, पेन्सिली उलट्या रोवल्यासारखी? वीत-वीतभर उंच आणि इतकी दाट की पाय ठेवायला जागा नाही. लेझर त्यांच्यावरच थांबतो आणि सॉफ्टवेअर त्यालाच जमीन समजतं. गवताचंही तसंच. पहिलं आपटणं आणि दुसरं आपटणं यांत अंतर फार कमी असलं तर यंत्राला ते वेगळं ओळखता येत नाही, दोन्ही मिळून एकच ठिपका बनतो, थोडा वर.

जमीन वेगळी करायला आम्ही बहुतेक वेळा कापडाची पद्धत वापरतो. सगळे ठिपके उलटे करायचे, वरून एक काल्पनिक कापड सोडायचं, ते जिथं टेकेल ती जमीन. क्लाउडकंपेअर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे. पण त्यात मुळात अर्ध्या मीटरची सूट ठेवलेली असते. म्हणजे कापडाच्या अर्धा मीटर आतलं सगळं जमीन. डोंगरात चालेल, खारात तेवढ्यात तुमचं वर्षाचं पीक बुडतं. मी दहा-पंधरा सेंटिमीटरवर आणतो. कापड फार ताठ ठेवलं तर उलटा होऊन खाच झालेल्या अरुंद बांधावर ते ताणलेलंच राहतं, बांध निसटतो, आणि फार सैल ठेवलं तर झाडांत शिरतं. दोन-तीनदा करून बघावंच लागतं.

आणि ओहोटीला उडवा. पूर्ण ओहोटीला. ओल्या चिखलावर तिरका पडलेला किरण कधी कधी परत येतच नाही, काळे डाग राहतात, पण ते पाण्याखाली असण्यापेक्षा बरं.

फक्तवाचक

एवढं कशाला? गुगल अर्थवर माउस फिरवला की खाली उंची दिसते.

पॉइंटक्लाउडवाला

दिसते. तीच ती शटलची टेकडी, नव्या कपड्यांत.

खारपट्टीकर

ओळंबा काका, कललेल्या नकाशाचं पटलं. परवापासून कोपरे शोधतोय, अकरा सापडले.

पॉइंटक्लाउडवाले दादा, ओहोटीचं मात्र जरा ऐका. आबांकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. पण ती भांगाची ओहोटी, पाणी अर्धंमुर्धंच उतरतं, चिखल उघडा पडत नाही. उधाणाची मोठी ओहोटी बघायची तर अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. तेव्हा भरती दुपारी बारा-एकला आणि ओहोटी सकाळी सहा-सातला, नाहीतर संध्याकाळी. म्हणजे चिखल उघडा असतो तेव्हा ऊन नाही आणि ऊन असतं तेव्हा चिखल उघडा नाही. ड्रोनवाल्याने फेब्रुवारीत भर दुपारी फोटो काढले, दिवस पौर्णिमेचा. तिवरांत गुडघाभर पाणी होतं. आज कळलं.

पॉइंटक्लाउडवाला

हे मला माहीत नव्हतं. पुण्यात बसून आम्ही तक्ता बघतो, तिथी नाही. पण मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलंत. लेझरला ऊन लागत नाही. सकाळी सहाची ओहोटी लेझरला द्या, अष्टमीची दुपार फोटोंना. शेतांचे फोटो तर तुमच्याकडे आहेतच, कापणीनंतरची उघडी जमीन आहे ती, तिथं लेझरची गरजच नाही. फक्त तिवरांच्या पट्ट्याचं लायडार करा. क्षेत्र कमी झालं की भावही उतरेल. आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर ड्रोन उडवायचा झोन बघून घ्या, नवी मुंबईचा विमानतळ तुमच्यापासून फार लांब नाही.

दलदलीची_सून

माहेर अलिबागचं, नवऱ्याच्या नोकरीमुळे फ्लोरिडात आले आणि आता पाणथळींच्या नकाशांवरच काम करते. खांड, उघाडी, जिताडा हे शब्द इतक्या वर्षांनी एका पानावर वाचून बरं वाटलं.

दादा, इथल्या एव्हरग्लेड्सची गोष्ट सांगते. जमीन इतकी सपाट की किलोमीटरला जेमतेम तीन-पाच सेंटिमीटर उतार. वर माणसापेक्षा उंच, करवतीच्या धारेचं गवत, खाली पाणी. पाणी कुठं वाहील हे ठरवायला तळाची उंची हवी, आणि वरून उडवलेल्या साधनांना गवताखालचा तळ नीट सापडेना. तेव्हा अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने काय केलं असेल? हेलिकॉप्टरला ओळंबा लावला! खरंच. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवायचं, त्याची जागा जीपीएसने मोजायची आणि दोरीने वजन खाली सोडायचं. तळाला टेकलं की दोरीची लांबी वजा. दर चारशे मीटरवर एक मोजणी, अशा हजारो. अचूकता पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. ओळंबा काका, तुमचं टोपणनाव वाचून हसू आलं ते याचमुळे.

सांगायचं कारण, शेवटी जमिनीला कशाने तरी हात लावावाच लागतो. जॉर्जियातल्या सॅपेलो बेटाच्या खारदलदलीवर २०१२ साली एक अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की लायडार प्रत्येक वनस्पतीवर वेगवेगळं चुकतं, कुठं दोन-चार सेंटिमीटर, कुठं पाव मीटर. म्हणून त्यांनी वनस्पतीनुसार दुरुस्ती वजा केली. तुम्हीही तसंच करा. तुमच्या सुंदर फोटोनकाशावरून तिवर, गवत आणि उघडा चिखल असे तीन भाग आखा. प्रत्येकात वीस-तीस जागी स्वतः मोजा. लेझर सरासरी किती वर दाखवतोय ते काढा आणि तेवढं त्या भागातून कमी करा. फोटोंचा खरा उपयोग इथे आहे.

तिवरांत रोव्हरला आकाश दिसत नाही, तिथं टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजायची दुर्बीण) न्या. आणि काठीच्या टोकाला रुंद चकती लावा, नाहीतर ती चिखलात किती रुतली हेच तुम्ही मोजाल.

ओळंबा

ताई, हेलिकॉप्टरचं ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं माझा हेलिकॉप्टर म्हणजे चेनमन, मोजणीची साखळी धरणारा गडी.

एक राहिलं. बांधाचा माथा नकाशावर सोडू नका. बांध तुमचा वर चार-पाच फूट रुंद. नकाशाचा चौकोन मीटरचा असला की माथा आणि उतार यांची सरासरी निघते आणि बारीक खांड बुजून जाते. माथ्यावरून रोव्हर घेऊन दर पाच मीटरला चाला, जिथं घसरगुंडी दिसेल तिथं दर मीटरला. ती रेघ नकाशात वेगळी घाला. उघाडीच्या तळाची पातळीही घ्या, झडप काढून.

खारपट्टीकर

उशीर झाला लिहायला, पण झालेलं सांगतो.

शेजारच्या गावालाही त्यांच्या पट्ट्याचं हवं होतं, दोघांत मिळून लायडार ठरवला, फक्त तिवरांपुरता. दिवस आबांनी काढला: वैशाख शुद्ध द्वितीया, अक्षय्य तृतीयेच्या आदला. द्वितीयेची भरती दीडला, म्हणजे ओहोटी सातच्या सुमारास. साडेसहाला पहिला ड्रोन वर गेला तेव्हा चिखल नुसता चमकत होता आणि बगळे आमच्याकडे रागाने बघत होते. नवाला पाणी परत चढायला लागलं तोवर दोन्ही गावं उरकली.

चकतीसाठी आईचं जर्मनचं ताट घेतलं, मधोमध भोक पाडून काठीला बोल्ट केलं. पहिल्याच दिवशी तिवरांत चप्पल रुतून बसली, ती अजून तिथंच आहे. चार दिवसांत ३४ जागा झाल्या तिवरात, २२ उघड्या चिखलात. गवताच्या निम्म्याच झाल्या, तिथं साप निघाला. लेझर उघड्या चिखलावर तीन सेंटिमीटर वर होता, तिवरात चौदा. ताई, तुम्ही सांगितलं तसं वजा केलं.

जुने फोटो सतरा नव्या कोपऱ्यांवर बसवून पुन्हा चालवले. उतार सरळ झाला, पाणी आता नकाशावरही उघाडीकडे जातं. सहा जागा लपवून ठेवल्या होत्या, त्यांवर चूक चार ते नऊ सेंटिमीटर. ड्रोनवाल्या पोराने जादा पैसे घेतले नाहीत. उलट सगळं वहीत लिहून घेतलं.

रंगाची रेघही मारली. त्या दुपारच्या भरतीची तक्त्यातली उंची ४.५, म्हणजे वजाबाकीने १.९९ यायला हवी होती. उघाडीच्या भिंतीवर मोजली २.२. काका, वीतभर फरक.

आता मुख्य गोष्ट. बांधाचा माथा सगळीकडे २.९ ते ३.१. खांड सोडली तर एकाच जागी बारा मीटर लांब भाग २.३ ला आलाय. ट्रॅक्टर खाली उतरवायला सगळे तिथूनच जातात, माझ्यासकट. पुढच्या मोठ्या उधाणाला पाणी तिथून वरून येणार, हे गावकीच्या बैठकीत आकडा दाखवून सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कोणी वाद घातला नाही.

आणि सावलीचा नकाशा केला, तिरक्या उजेडात जमीन दिसते तसा. त्यात शेतांच्या खालून नागमोडी जाणारा एक पट्टा दिसतो, आजूबाजूपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर खोल. तो बांधाला जिथं भेटतो बरोबर तिथंच खांड गेलीय. आबांनी चष्मा लावून बघितलं. म्हणाले, हा जुना ओहोळ, माझ्या आज्याच्या वेळचा. तो पेंढा आणि चिखल घालून बुजवला आणि त्याच्यावरून बांध नेला. म्हणजे बांधाखाली तेवढ्या जागी अजून भुसभुशीत आहे.

ओळंबा काका, तर पुढचा प्रश्न: खांड त्याच जागी बुजवायची की बांध ओहोळाला वळसा घालून आत घ्यायचा? आत घेतला तर तीन घरांची मिळून सव्वा एकर बाहेर जाते, आणि त्यातलं एक घर आमचं आहे.